स्वीटेस्ट डे : ऑक्टोबरातल्या तिसऱ्या शनिवारबद्दल नेहमी विचारले जाणारे प्रश्न

ओहायो, मिशिगन किंवा शिकागोकडे नव्यानं राहायला आलेल्या मराठी घरांत ऑक्टोबर लागला की एक प्रश्न हमखास निघतो. दुकानात भोपळ्यांच्या आणि हॅलोवीनच्या सामानाशेजारी लाल-गुलाबी डबे मांडलेले दिसतात, ऑफिसात कुणीतरी 'हॅपी स्वीटेस्ट डे' म्हणतं, आणि आपल्याला काही उलगडत नाही. आम्ही ओहायोतल्या क्लीव्हलंडजवळ राहतो. हा सण इथलाच, त्यामुळे नव्या मंडळींचे प्रश्न बरेचदा आमच्याकडे येतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र देते आहे.

स्वीटेस्ट डे म्हणजे नेमकं काय?

आपल्या जवळच्या माणसांना काहीतरी गोड देऊन 'तुमची आठवण आहे' एवढं सांगण्याचा दिवस. चॉकलेटचा डबा, कॅरमेलमध्ये बुडवलेलं सफरचंद, हातानं केलेली वडी, सोबत एखादं कार्ड. पूजा नाही, विधी नाही, ठरावीक कपडे नाहीत, घर सजवायचं नाही. सण छोटा आहे आणि तो छोटाच ठेवलेला बरा.

तो कधी असतो?

ऑक्टोबरच्या तिसऱ्या शनिवारी. म्हणजे तारीख १५ ते २१ च्या मध्येच कुठेतरी पडते. २०२६ मध्ये १७ ऑक्टोबर, २०२७ मध्ये १६ ऑक्टोबर आणि २०२८ मध्ये २१ ऑक्टोबर.

त्या दिवशी सुट्टी असते का?

नाही. ही सरकारी सुट्टी नाही, पण शनिवार असल्यामुळे फारसं बिघडत नाही. दुकानं, पोस्ट, ग्रंथालयं नेहमीच्या शनिवारसारखी चालू असतात.

न्यू जर्सीतल्या माझ्या बहिणीनं हे नावही ऐकलेलं नाही. असं कसं?

कारण हा सगळ्या अमेरिकेचा सण नाहीच. तो ग्रेट लेक्स म्हणजे पंचमहासरोवरांच्या काठाकाठानं राहणाऱ्या शहरांचा आहे. क्लीव्हलंड आणि डेट्रॉइट ही त्याची दोन मोठी ठाणी. शिकागोत तो माहीत आहे, न्यूयॉर्क राज्याच्या पश्चिम टोकाला बफेलोतही आहे, शिवाय इंडियाना आणि विस्कॉन्सिनच्या काही भागांत. कॅलिफोर्नियात किंवा टेक्ससमध्ये विचारलंत तर लोक तुमच्याकडे बघत राहतील. बहिणीचं काही चुकलेलं नाही.

याची सुरुवात कुणी केली?

क्लीव्हलंडच्या मिठाईवाल्यांनी. आणि ही हकीकत नीट सांगण्यासारखी आहे.

शनिवार, ८ ऑक्टोबर १९२१. शहरातल्या बारा कॅण्डी व्यावसायिकांनी एक समिती नेमली होती, सी. सी. हार्टझेल तिचे अध्यक्ष. 'वर्षातला सर्वांत गोड दिवस' असं त्यांनी त्या दिवसाला म्हटलं आणि कॅण्डीचे वीस हजारांहून जास्त डबे शहरात वाटले. कुणाला? रस्त्याच्या कोपऱ्यावर उभं राहून वर्तमानपत्रं विकणाऱ्या पोरांना, अनाथाश्रमातल्या मुलांना, वृद्धांना आणि गरिबांना. मूकपटांच्या काळातली मोठी तारका थीडा बारा आणि नर्तकी-अभिनेत्री ॲन पेनिंग्टन यांनी वाटपाला हातभार लावला, त्यामुळे गाजावाजाही झाला.

ती यादी मला फार महत्त्वाची वाटते. तिच्यात प्रियकर-प्रेयसी कुठेच नाहीत. वर्तमानपत्रं विकणारी पोरं पहाटेपासून थंडीत उभी असायची आणि शहरातला जो तो त्यांच्याकडून पेपर घेऊन पुढे जायचा. त्यांच्या हातावर दिवसभर दुसऱ्यांची नाणी पडत असतील, पण त्यांच्या नावानं डबा येणं ही वेगळी गोष्ट होती. या सणाकडे मी त्या पोरांच्या बाजूनं बघते.

ऑक्टोबरच का, असंही बरेच जण विचारतात. व्यापाराच्या दृष्टीनं त्यात अर्थ होता. घरोघरी फ्रीज आणि एसी येण्याआधी उन्हाळ्यात चॉकलेट टिकायचं नाही आणि खपायचंही नाही. याच क्लीव्हलंडमधले चॉकलेटवाले क्लॅरेन्स क्रेन यांनी १९१२ साली लाइफ सेव्हर्स या मधे भोक असलेल्या पेपरमिंटच्या गोळ्या काढल्या, त्या याच अडचणीतून. उन्हाळ्यातही विकता येईल असं काहीतरी त्यांना हवं होतं. गारवा सुरू झाला की मिठाईचा धंदा पुन्हा उभा राहायचा, आणि नाताळ अजून दोन महिने लांब असायचा.

मी तर ऐकलं होतं की हर्बर्ट बर्च किंग्स्टन नावाच्या एका दयाळू माणसानं तो सुरू केला?

ही गोष्ट सगळीकडे सांगितली जाते. किंग्स्टन कॅण्डी कंपनीत नोकरीला होते, अनाथ आणि अंथरुणाला खिळलेल्या लोकांना शहर विसरून गेलं आहे असं त्यांना वाटलं, म्हणून मित्रांना गोळा करून त्यांनी छोट्या भेटी वाटल्या, अशी ती कथा. पण १९२१ च्या ऑक्टोबरातली क्लीव्हलंडची वर्तमानपत्रं समितीची आणि बारा व्यावसायिकांची हकीकत देतात. माझं मत विचाराल तर एका भल्या माणसाची गोष्ट सांगायला सोपी पडते, म्हणून तीच लोकांच्या तोंडी राहिली. आपण मुलांना सांगताना समितीची गोष्ट सांगावी. बारा दुकानदार एकत्र येऊन आपला माल फुकट वाटतात, हेही काही कमी सुंदर नाही.

मग तो देशभर का पसरला नाही?

प्रयत्न पुष्कळ झाले. न्यूयॉर्कमध्ये विसाच्या दशकात अनेकदा हा दिवस रुजवायचं मनावर घेतलं गेलं, १९२७ मध्ये तर अख्ख्या आठवड्याला 'स्वीटेस्ट वीक' म्हणून झालं. १९३७ साली राष्ट्रीय कॅण्डी व्यावसायिक संघटनेनं मदर्स डे, फादर्स डे आणि व्हॅलेंटाइन्स डेच्या पंक्तीत याला बसवायची मोहीम काढली. १९ ऑक्टोबर १९४० ला न्यूयॉर्कमध्ये पुन्हा तो जाहीर झाला. त्या वेळी समितीनं दहा हजारांहून जास्त डबे २६ धर्मादाय संस्थांना दिले, आणि त्यातले सहाशे डबे ज्यू, प्रोटेस्टंट आणि कॅथलिक अशा तिन्ही समाजांच्या, मुलींना आधार देणाऱ्या 'बिग सिस्टर' संस्थांना गेले.

इतकं करूनही न्यूयॉर्कमध्ये तो टिकला नाही. मला वाटतं, एवढ्या मोठ्या शहरात तो बाहेरून आणलेला पाहुणाच राहिला. क्लीव्हलंड-डेट्रॉइटमध्ये मात्र कोपऱ्यावरच्या चॉकलेटवाल्याला गिऱ्हाईक नावानं ओळखत होतं, म्हणून तो घरात शिरला.

हा तर दुकानदारांनी माल खपवायला काढलेला दिवस. आपण कशाला त्यात पडायचं?

आक्षेप खरा आहे. कॅण्डी विकणाऱ्यांनीच तो काढला, पुढे कार्ड छापणाऱ्यांनी तो उचलला, आणि इथले कितीतरी अमेरिकन लोकही याच कारणानं तो पाळत नाहीत. त्यांच्यावर कुणी रुसत नाही.

तरीही मी तो पाळते. विक्रीसाठी निघालेल्या त्या दिवशी पहिले वीस हजार डबे विकले गेले नव्हते, वाटले गेले होते, आणि तेही ज्यांच्याकडून परतफेडीची काही आशाच नाही अशांना. सणाचा तेवढा भाग उचलायला काहीच हरकत नाही. महागडा पुष्पगुच्छ आणि हॉटेलातलं जेवण हा नंतर चिकटलेला भाग आहे, तो खुशाल सोडून द्या.

व्हॅलेंटाइन्स डे आणि यात फरक काय?

आज दुकानातली कार्डं पाहिलीत तर फार फरक दिसणार नाही, दोन्हीकडे हृदयाच्या आकाराचे बदाम आणि गुलाब. पण स्वीटेस्ट डेची कार्डं मित्रमैत्रिणींसाठी, आईवडिलांसाठी, मुलांसाठीही मिळतात, आणि इथल्या जुन्या पिढीतली माणसं ती शेजाऱ्यांना देताना दिसतात. फेब्रुवारीत असं कार्ड शेजारच्या आजोबांना दिलं तर ते जरा गोंधळतील, ऑक्टोबरात दिलं तर आजोबा ते फ्रीजवर लावून ठेवतील.

मग कुणाकुणाला द्यावं?

नवरा-बायकोनं एकमेकांना द्यावंच, त्यात काय विचारायचं. पण यादी तिथेच थांबवू नका.

१९२१ ची यादी समोर ठेवा आणि आज त्या जागी कोण आहे ते बघा. वर्तमानपत्रं विकणारी पोरं आता कोपऱ्यावर नसतात, पण घरोघर पार्सलं टाकणारा माणूस आहे. शाळेच्या बसची चालक आहे. आपली मुलं सकाळी ज्यांच्या हाती सोपवून आपण कामावर जातो त्या डेकेअरच्या बायका आहेत. रस्ता ओलांडताना हात दाखवून गाड्या थांबवणारे बहुधा निवृत्त झालेले काका आहेत. आणि आपल्यातलेच म्हणाल तर नुकताच शिकायला आलेला, भाड्याच्या खोलीत चौघांबरोबर राहणारा, पहिल्यांदाच घराबाहेर दिवाळी काढणार असलेला विद्यार्थी आहे. त्याला चॉकलेटपेक्षा डबाभर चिवडा आणि चार बेसनाचे लाडू नेऊन द्या.

मुलाकडे सहा महिन्यांसाठी आलेल्या आईवडिलांचाही विचार करा. ऑक्टोबरात दिवस लहान होत जातात, बाहेर गार असतं, गाडी चालवता येत नाही, मुलगा-सून दिवसभर कामावर. अशा कुणा काकूंकडे शनिवारी दुपारी डबा घेऊन गेलात आणि तासभर बसलात, तर तो डबा निमित्तालाच उरतो.

पोस्टमनला दिलेलं चालतं का? त्यांचे नियम असतात म्हणे.

असतात. अमेरिकन टपाल खात्याच्या कर्मचाऱ्याला एका प्रसंगी २० डॉलरपर्यंतची वस्तू घेता येते, आणि एका गिऱ्हाइकाकडून वर्षभरात एकूण ५० डॉलरच्या आत. रोख पैसे अजिबात घेता येत नाहीत. चॉकलेटचा छोटा डबा या मर्यादेत आरामात बसतो. टपालपेटीत ठेवायचा असेल तर वर त्यांच्यासाठी आहे असं ठळक लिहा, नाहीतर ते पाठवायचं पार्सल समजतील.

वृद्धाश्रमात मिठाई घेऊन जायचं आहे. काय लक्षात ठेवावं?

आधी फोन करा. इथल्या बहुतेक नर्सिंग होममध्ये रहिवाशांचे कार्यक्रम बघणारी एक व्यक्ती असते, तिच्याशी बोला. कुणाला मधुमेह असतो, कुणाला गिळायला त्रास होतो, त्यामुळे कडक गोळ्या आणि अख्खे दाणे असलेली मिठाई धोक्याची ठरू शकते. डबा थेट हातात न देता कर्मचाऱ्यांकडे द्या, कुणाला काय चालतं ते त्यांना माहीत असतं. कर्मचाऱ्यांसाठी वेगळा डबा न्यायला विसरू नका. शनिवारीही कामावर आलेली माणसं ती.

आणि मुलांना सोबत न्या. मिठाई खाता न येणाऱ्या आजींनाही मुलांनी काढलेलं चित्र चालतं.

फूड बँकेत किंवा शाळेत द्यायचं असेल तर घरी केलेला पदार्थ सहसा घेत नाहीत. दुकानातलं, घटक छापलेलं, बंद पाकीटच लागतं.

इथलं खास म्हणून काय घ्यावं?

सुपरमार्केटमधला मोठ्या कंपनीचा डबा कुठेही मिळतो. इथे आहात तर इथलं घ्या, कारण या पट्ट्यातली चॉकलेटची जुनी दुकानं म्हणजे या सणाचं माहेर. डेट्रॉइटमध्ये सँडर्स आहे, १८७५ पासूनचं, त्यांचा हॉट फज आणि वर क्रीमचे उंचवटे असलेला बंपी केक तिथल्या लोकांच्या लहानपणाशी जोडलेला आहे. क्लीव्हलंडकडे मॅलीज आहे, १९३५ मध्ये लेकवूडमध्ये सुरू झालेलं. शिकागोचं फॅनी मे १९२० चं. बफेलोला फाउलर्स १९१० पासून आहे, आणि तिथे गेलात तर स्पंज कॅण्डी चुकवू नका. आतून जाळीदार, कुरकुरीत, तोंडात टाकताच विरघळणारी, बाहेरून चॉकलेटचा थर. दमट हवेत ती चिवट होते, म्हणून ती थंडीच्या दिवसांतलीच मिठाई.

मिशिगनमध्ये याच दिवसांत सायडर मिल जोरात असतात. सफरचंदाचा ताजा रस, गरम डोनट, कॅरमेल ॲपल. उत्तर ओहायोत ऑक्टोबरच्या मध्यापासून पानं रंगायला लागलेली असतात, तेव्हा कायहोगा व्हॅलीच्या राष्ट्रीय उद्यानात कुणाला तरी फिरायला घेऊन जाणं ही सुद्धा भेटच.

आम्ही शाकाहारी आहोत, अंडंही खात नाही. काय बघून घ्यावं?

हा प्रश्न सगळ्यांत जास्त येतो आणि तो रास्त आहे. भारतातल्यासारखा हिरवा ठिपका इथल्या पाकिटावर नसतो. मागचं घटकांचं बारीक अक्षर वाचावंच लागतं.

सगळ्यांत आधी जिलेटिन शोधा. ते जनावरांच्या हाडा-कातड्यापासून करतात. मार्शमेलोत ते असतंच, गमी बेअरसारख्या चिवट गोळ्यांत बहुतेक वेळा असतं. ऑक्टोबरात सगळीकडे दिसणाऱ्या पिवळ्या-केशरी-पांढऱ्या कॅण्डी कॉर्नमध्येही ते घालतात. वर सांगितलेल्या स्पंज कॅण्डीच्या काही कृतींतही थोडं जिलेटिन असतं, म्हणून दुकानात विचारून घ्या.

चकचकीत गोळ्यांवर 'कन्फेक्शनर्स ग्लेझ' लिहिलेलं असतं. ती लाख असते, लाखेच्या किड्यांपासून मिळणारी. लाल-गुलाबी रंगासाठी 'कार्मिन' वापरलं असेल तर तेही किड्यांपासूनचं. घरातल्या वडीलधाऱ्यांना हे चालतं की नाही ते त्यांनाच विचारा, सगळ्यांचं मत सारखं नसतं. नूगा या चिवट, पांढुरक्या मिठाईत अंड्याचा पांढरा बलक असतो. ट्रफल म्हणजे आतून मऊ असलेल्या चॉकलेटच्या गोळ्यांत कधी कधी दारू घालतात, ती डब्यावर लिहिलेली असते पण भेट म्हणून उघडताना कुणी वाचत नाही. बंपी केक हा केक आहे, त्यात अंडं आलं.

बिनघोर काय घ्यावं? साधं दुधाचं किंवा गडद चॉकलेट, बदाम-काजूचे चॉकलेटमधले घोस, लोणी-साखर-सायीचं कॅरमेल, फज आणि बकाय. पण एकदा घटक वाचायचेच, कारण प्रत्येक दुकानाची कृती वेगळी.

बकाय काय आहे? घरी करता येतो का?

येतो, आणि ओहायोत राहणाऱ्या प्रत्येक मराठी घरानं एकदा तरी करावा असा पदार्थ आहे. बकाय ही ओहायोच्या राज्यवृक्षाची बी, तपकिरी आणि वर फिकट डोळा असलेली. मिठाई तिच्यासारखी दिसते. शेंगदाण्याच्या लोण्याचा गोळा चॉकलेटमध्ये बुडवायचा, वरचा गोल भाग मात्र उघडा ठेवायचा. अंडं नाही, जिलेटिन नाही, भट्टी लागत नाही.

दीड कप पीनट बटर, अर्धा कप मऊ झालेलं लोणी (इथली एक कांडी) आणि चमचाभर व्हॅनिला एकत्र फेटा. त्यात तीन ते साडेतीन कप पिठीसाखर थोडी थोडी घालत जा. इथल्या पिठीसाखरेत कॉर्नस्टार्च मिसळलेला असतो, त्यामुळे गोळा लवकर आवळतो. घरी दळलेली साखर घेतलीत तर ती जरा जास्त लागेल. लोणी बिनमिठाचं असेल तर चिमूटभर मीठ जरूर घाला. हाताला न चिकटता वळता येईल इतपत झालं की सुपारीपेक्षा थोडे मोठे गोळे वळून अर्धा तास फ्रीझरमध्ये ठेवा.

दोन कप चॉकलेट चिप्स आणि एक मोठा चमचा खोबरेल तेल (खायचं, बिनवासाचं) गरम पाण्यावरच्या भांड्यात वितळवा. या चॉकलेटमध्ये पाण्याचा एक थेंबही पडता कामा नये, पडला तर ते घट्ट होऊन खडबडीत होतं. गोळ्यात टूथपिक खुपसून चॉकलेटमध्ये बुडवा, वर रुपयाएवढी जागा उघडी सोडा, मेणकागदावर ठेवा. टूथपिकचं भोक बोटानं दाबून बुजवा. फ्रीजमध्ये डबाबंद ठेवले की आठवडाभर छान राहतात.

मुलांना वळायला बसवा. गोळे एकसारखे होणार नाहीत. तसेच द्या.

अमेरिकन शेजाऱ्यांना आपली मिठाई दिली तर आवडेल का?

आवडते, पण निवड करावी लागते. माझ्या अनुभवात नानकटाई, बेसनाचे लाडू, खोबऱ्याची वडी आणि काजूकतली या चौघी पहिल्या फेरीत जिंकतात. नानकटाई तर त्यांना ओळखीच्या बिस्किटासारखी लागते. पाकातले पदार्थ पहिल्यांदा देऊ नका, हाताला चिकटतात आणि कसे खायचे ते कळत नाही.

ॲलर्जीचं मात्र फार जपा. सोबत एक चिठ्ठी ठेवा आणि त्यात घटक लिहा: शेंगदाणे, काजू, बदाम, पिस्ते, दूध, गहू, तीळ. तीळ मुद्दाम लिहिते आहे. २०२३ पासून अमेरिकेत पाकिटबंद खाण्यावर तिळाची नोंद सक्तीची झाली आहे, इतके लोक त्यानं आजारी पडतात. आपण तीळ कुठेही भुरभुरतो आणि सांगायचं विसरतो. घरात लहान मूल असेल तर आधी विचारूनच द्या.

शेजाऱ्यांकडे कुत्रा आहे. काही काळजी?

हो. चॉकलेट कुत्र्याला विषारी असतं, गडद चॉकलेट जास्तच. साखरविरहित मिठाईतलं झायलिटॉलही तसंच घातक. दारात डबा ठेवून येऊ नका, हातात द्या.

दिवाळी तोंडावर आलेली असताना हे आणखी एक कशाला?

दमछाक होते हे खरं. २०२४ मध्ये १६ ऑक्टोबरला कोजागिरी झाली आणि १९ ला स्वीटेस्ट डे. २०२५ मध्ये तर स्वीटेस्ट डे आणि धनत्रयोदशी दोन्ही १८ ऑक्टोबरला, एकाच शनिवारी. त्यात मंडळाचा दिवाळीचा कार्यक्रमही शनिवारीच असतो.

यावर सोपा उपाय म्हणजे फराळाचा पहिला घाणा त्या आठवड्यात काढायचा आणि त्यातले डबे आधी बाहेर द्यायचे. नाहीतरी लाडू वळतोच आहोत, दहा जास्तीचे वळायचे. ज्या वर्षी दिवाळी नोव्हेंबरात जाते, उदाहरणार्थ २०२६, त्या वर्षी फराळाच्या गडबडीला अजून अवकाश असतो, तेव्हा हा शनिवार बरा वाटतो. कोजागिरीचं दूध आटवताना थोडं जास्त घेऊन शेजाऱ्यांना बोलावलंत तरी चालेल, केशर-वेलदोड्याचं गरम दूध इथल्या गारठ्यात सगळ्यांना आवडतं.

हॅलोवीन आणि हे एकच का? मुलांना दोनदा कॅण्डी?

एक नाही. हॅलोवीन ३१ ऑक्टोबरला, त्यात मुलं दारोदार फिरून कॅण्डी गोळा करतात. स्वीटेस्ट डेला ती दुसऱ्यांना देतात. म्हणूनच मुलांच्या दृष्टीनं हा आधी आलेला बरा: आधी द्यायचं, मग दोन आठवड्यांनी घ्यायचं. मुलांना कॅण्डी देऊच नका असं वाटत असेल तर कार्ड करण्याचं काम त्यांच्याकडे सोपवा.

त्या दिवशी बाहेर जेवायला जायचं असेल तर?

आधी टेबल राखून ठेवा. ऑक्टोबरातला शनिवार म्हणजे कॉलेज फुटबॉलचा दिवस. ओहायो स्टेट किंवा मिशिगनचा सामना घरच्या मैदानावर असेल तर कोलंबस आणि ॲन आर्बरमध्ये गाडी लावायलाही जागा मिळत नाही. सामन्याची वेळ बघून मगच बेत ठरवा.

भारतात आईवडिलांना इथून चॉकलेट पाठवावं का?

ऑक्टोबरात नको. इथे पानं गळत असतात तेव्हा महाराष्ट्रात ऑक्टोबर हीट चालू असते, आणि चॉकलेटमधलं कोकोआ बटर साधारण ३४ अंशांच्या आसपास वितळतं. पार्सल गोदामात दोन दिवस पडलं की डब्यात गोळा होऊन पोचतं. त्याऐवजी त्यांच्याच गावातल्या हलवायाकडून काही घरी पोचेल असं बघा, आणि व्हिडिओ कॉल करून दोघांनी मिळून खा. चॉकलेट डिसेंबरात कुणी जाणार असेल त्याच्या बॅगेतून पाठवा.

पुण्या-मुंबईत आम्ही हा दिवस साजरा करावा का?

मला तशी गरज वाटत नाही. तो तिथल्या मातीतला नाही, आणि आश्विन-कार्तिकात आपल्याकडे गोड द्यायला निमित्तं भरपूर आहेत. कोजागिरीला घरातल्या थोरल्या अपत्याला ओवाळतात, पाडवा आहे, भाऊबीज आहे. मुलगी किंवा मुलगा इकडे राहत असेल तर त्या शनिवारी एक फोन करा, म्हणजे त्यांना कळेल की त्यांच्या गावचा सण तुम्हालाही ठाऊक आहे.

कार्डावर काय लिहायचं?

छापलेला मजकूर पुरेसा नाही. त्या माणसानं केलेली एखादी नेमकी गोष्ट लिहा. 'मार्चमधल्या बर्फात तुम्ही आमचा रस्ता साफ केलात, ते लक्षात आहे', इतकं एक वाक्य पुरतं. मराठी माणसाला देत असाल तर मराठीत लिहा. परक्या गावात आपल्या अक्षरात हातानं लिहिलेलं क्वचितच मिळतं.

डब्यातलं चॉकलेट काही दिवसांनी पांढरं पडलं. टाकून द्यावं का?

बुरशी नसेल तर नाही. चॉकलेट गरम होऊन पुन्हा थंड झालं की आतली चरबी वर येते आणि पांढुरके पट्टे दिसतात. फ्रीजमधून काढून ओल धरली तर साखर वर येते, मग ते खरखरीत लागतं. दोन्ही खायला चालतं, फक्त दिसायला बरं नाही. असं चॉकलेट दुधात उकळून प्यावं किंवा पुन्हा वितळवून बकायला वापरावं. यापुढे डबा घरातल्या थंड, कोरड्या फडताळात ठेवा, गॅसपासून लांब. फ्रीजमध्ये ठेवायचाच असेल तर हवाबंद डब्यात ठेवा आणि बाहेर काढल्यावर डबा लगेच न उघडता आधी खोलीच्या तापमानाला येऊ द्या.